कूर्चा घडवणाऱ्या आणि घडवू देणाऱ्या पेशी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी भरते, त्या सरांनी उभी हयात शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवली. विज्ञानात जे नवे घडते ते गावातल्या माणसाला त्याच्या भाषेत समजले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांना आदरांजली वाहताना मी विषयही तसाच निवडला आहे. गुडघेदुखी नाही असे घर सापडणे कठीण. त्या गुडघ्यातली कूर्चा, आणि दोन प्रकारच्या पेशी एकत्र वाढवून ती प्रयोगशाळेत तयार करण्याचे प्रयत्न, यांविषयी मी आज बोलणार आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मूलपेशी, म्हणजे ज्यांना आपण स्टेम सेल म्हणतो त्या, गुडघ्यात सोडल्या की त्यांची कूर्चा होईल अशी शास्त्रज्ञांची दीर्घकाळ अपेक्षा होती. दोन प्रकारच्या पेशी एकत्र ठेवून पाहिल्यावर वेगळेच चित्र पुढे आले. कूर्चा घडवतात त्या मुख्यतः कूर्चापेशीच. मूलपेशी त्यांना वाढायला आणि कामाला लागायला मदत करतात, आणि नंतर स्वतः नाहीशा होतात. हे नीट समजून घेतले तर पुढचे उपचार कसे असावेत हेही कळते, आणि आज बाजारात जे विकले जाते त्याकडे कसे पाहावे हेही कळते.

आधी कूर्चेविषयी. डॉक्टर एक्स-रे समोर धरून “गॅप कमी झाली आहे” असे सांगतात, तेव्हा हाडांच्या मधे रिकामी जागा असते असे आपल्याला वाटते. ती रिकामी नसते. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही, म्हणून ती जागा काळी दिसते एवढेच. मांडीच्या हाडाच्या आणि नडगीच्या हाडाच्या टोकांवर साधारण दोन ते चार मिलिमीटर जाडीचा, निळसर पांढरा, चकचकीत थर असतो. सपाट रस्त्यावर चालतानाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. पायऱ्या उतरताना, उकिडवे बसून खुरपणी करताना, मांडी घालून उठताना हा पातळ थर तो भार झेलत असतो, आणि आपल्याला त्याची जाणीवही नसते.

हे त्याला जमते त्याच्या रचनेमुळे. कूर्चेचा सुमारे ७० टक्के भाग पाणी आहे. ते पाणी धरून ठेवते ॲग्रिकॅन नावाचे शर्करायुक्त प्रथिन. त्याच्यावर भरपूर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते पाणी ओढून घेते आणि फुगू पाहते. त्या फुगण्याला आवर घालते दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजनच्या तंतूंची जाळी. एकाची ओढ फुगण्याकडे आणि दुसऱ्याची आवळण्याकडे, या ताणातून कूर्चेला दाब सोसण्याची ताकद मिळते. आणि ही दोन्ही द्रव्ये तयार करणाऱ्या कूर्चापेशी मात्र सगळ्या आकारमानाच्या जेमतेम काही टक्के भरतात. या थरात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत. विरळ वस्तीतली एकेक पेशी तिच्याभोवतीच्या घट्ट द्रव्यात जन्मभर बंदिस्त असते.

कूर्चा एकदा गेली की परत येत नाही, ते यामुळेच. त्वचेला जखम झाली की रक्त येते, गुठळी होते, त्या गुठळीवर दुरुस्तीचे काम चालू होते. कूर्चेत रक्तच नाही, मग दुरुस्ती कुठून सुरू होणार? १७४३ साली लंडनमधले शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी रॉयल सोसायटीपुढे सांध्यांच्या कूर्चेवरचा निबंध मांडला. नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही, हे त्यांनी त्यात स्पष्ट नोंदवले होते. त्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी, २०१६ मध्ये, डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हंटर यांच्या निरीक्षणाला एक विलक्षण पुरावा दिला. १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणात कार्बन-१४ चे प्रमाण वाढले होते, आणि अन्नातून ते त्या काळात वाढणाऱ्या मुलांच्या शरीरात गेले. वेगवेगळ्या वर्षी जन्मलेल्या माणसांच्या गुडघ्यांतल्या कोलॅजनमधला हा कार्बन मोजला, तेव्हा दिसले की हे कोलॅजन वाढीच्या वयात तयार होते आणि नंतर जवळजवळ बदललेच जात नाही. आजारी गुडघ्यातही नाही. सत्तरीतला माणूस ज्या कोलॅजनवर उभा असतो, ते त्याच्या विशीच्या आतले असते.

मग शल्यचिकित्सकांनी काय केले? अमेरिकेत रिचर्ड स्टेडमन यांनी १९८० च्या दशकात मायक्रोफ्रॅक्चर ही पद्धत रूढ केली. कूर्चेचा तुकडा निघालेल्या जागी खालच्या हाडाला टोच्याने बारीक छिद्रे पाडायची, म्हणजे मज्जेतले रक्त आणि पेशी वर येतात, गुठळी होते आणि खड्डा भरतो. पण जे भरून येते ती तंतुमय कूर्चा असते. तिच्यात पहिल्या प्रकारचे कोलॅजन जास्त असते, ते आपल्या त्वचेत आणि व्रणात असते तसे. काही वर्षे बरी जातात, पुढे ती अनेकदा झिजते.

दुसरा मार्ग स्वीडनमधल्या गोथेनबर्गचा. लार्स पीटरसन, मॅट्स ब्रिटबर्ग आणि अँडर्स लिंडाल यांनी १९८७ मध्ये रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून त्याच्याच गुडघ्यात घालण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. सांध्याच्या कमी भार येणाऱ्या भागातून कूर्चेचे चिमूटभर तुकडे काढायचे, विकराने त्यांतल्या पेशी मोकळ्या करायच्या, दोन-तीन आठवडे वाढवायच्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत खड्ड्यात सोडून वर हाडावरच्या पातळ पडद्याचे ठिगळ शिवायचे. १९९४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यांनी २३ रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. मांडीच्या हाडाच्या टोकावर खड्डा असलेल्या १६ जणांपैकी १४ जणांचा निकाल दोन वर्षांनी चांगला किंवा उत्तम होता. गुडघ्याच्या वाटीवर खड्डा असलेल्या सात जणांत मात्र तो फक्त दोघांच्या वाट्याला आला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींनी सांधा दुरुस्त करता येतो, हे जगाला या कामाने दाखवून दिले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या पद्धतीला १९९७ मध्ये मान्यता दिली.

पण एक अडचण मूळचीच होती. सपाट बशीत वाढवताना कूर्चापेशी आपला स्वभाव सोडतात. गोल पेशी चपट्या आणि लांबट होतात, दुसऱ्या प्रकारचे कोलॅजन बनवणे थांबवतात आणि पहिल्या प्रकारचे बनवू लागतात. जितकी संख्या वाढवावी तितका हा विसर वाढतो. १९८२ मध्ये बेन्या आणि शॅफर यांनी दाखवले की अशा पेशी ॲगरोजच्या मऊ जेलमध्ये अधांतरी ठेवल्या की त्या पुन्हा गोल होतात आणि कूर्चेचे द्रव्य पुन्हा बनवू लागतात. म्हणजे स्वभाव परत आणता येतो, पण त्याला मर्यादा आहे. शिवाय दोन शस्त्रक्रिया, मधले काही आठवडे, निर्जंतुक प्रयोगशाळेचा खर्च, हे सगळे रुग्णाच्या माथी येते.

म्हणून लोकांचे लक्ष मूलपेशींकडे गेले. अस्थिमज्जेत प्लास्टिकला चिकटून वसाहती करणाऱ्या पेशी असतात, हे मॉस्कोतल्या अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनी १९६०-७० च्या दशकांत दाखवून दिले होते. १९९१ मध्ये क्लीव्हलंडच्या अर्नोल्ड कॅप्लान यांनी त्यांना मेसेन्कायमल स्टेम सेल हे नाव दिले. १९९८ मध्ये क्लीव्हलंडमध्येच ब्रायन जॉनस्टोन आणि सहकाऱ्यांनी या पेशींपासून काचनळीत कूर्चेसारखी ऊती तयार केली. या पेशी भरपूर वाढतात, मज्जेतून किंवा चरबीतून काढता येतात, त्यासाठी निरोगी कूर्चा कापावी लागत नाही. सगळा प्रश्न सुटल्यासारखा वाटला. पण इथेही खोट निघाली. मूलपेशींपासून झालेली कूर्चा कूर्चेपाशी थांबत नाही. लहान मुलाच्या हाडात कूर्चेचे हाड होताना पेशी ज्या टप्प्यातून जातात, त्याच टप्प्यात या पेशी शिरतात, फुगतात, दहाव्या प्रकारचे कोलॅजन बनवतात. हायडेलबर्गच्या गटाने २००६ मध्ये अशी ऊती उंदराच्या त्वचेखाली बसवून पाहिली, तेव्हा तिच्यात चुना साठला. गुडघ्याच्या सरकत्या पृष्ठभागावर असे झाले तर ते कोणत्याही रुग्णाला परवडणार नाही.

एकीकडे कूर्चापेशी, स्वभावाने योग्य पण संख्येने अपुऱ्या. दुसरीकडे मूलपेशी, संख्येने मुबलक पण भरकटणाऱ्या. दोन्ही एकत्र ठेवल्या तर? या प्रश्नातून सहवर्धनाचे संशोधन उभे राहिले.

ते कसे करतात, हे जरा जवळून पाहू. बोटाएवढी, तळाशी निमुळती होत गेलेली प्लास्टिकची नळी घेतात. तिच्यात पोषकद्रवात मिसळलेल्या दोन-अडीच लाख पेशी घालतात, समजा एक भाग कूर्चापेशी आणि चार भाग मूलपेशी. सेंट्रिफ्यूजमध्ये नळी फिरवली की पेशी तळाशी बसून एक पांढुरका ठिपका होतो. नळीचे झाकण सैल ठेवून ती ३७ अंश सेल्सियसच्या उबवणी पेटीत ठेवायची. एका दिवसात ठिपक्याच्या कडा आत वळतात आणि त्याची गोळी होऊन ती तळापासून सुटते. दर दोन-तीन दिवसांनी द्रव बदलायचा, आणि बदलताना पिपेटचे टोक गोळीपासून दूर ठेवायचे, नाहीतर गोळी द्रवाबरोबर खेचली जाते. द्रवात वाढघटक असतात, क जीवनसत्त्व असते, कारण त्याच्याशिवाय कोलॅजनचे तंतू नीट बांधले जात नाहीत. तीन-चार आठवड्यांत गोळी एक-दोन मिलिमीटरची होते, चकाकू लागते, आणि चिमट्याने हलके दाबली तर पुन्हा मूळ आकाराला येते. मग ती मेणात बसवून तिचे पातळ काप घ्यायचे आणि सॅफ्रानिन-ओ या रंगात बुडवायचे. जिथे कूर्चेचे शर्करायुक्त द्रव्य तयार झाले असेल तिथे काप केशरी-तांबडा होतो. मिश्र पेशींच्या गोळीत हा रंग किती गडद आणि किती दूरवर पसरतो, हे मी सूक्ष्मदर्शकातून पाहिले आहे. पाचातली एकच पेशी कूर्चेची असूनही ती गोळी बहुतेक वेळा निव्वळ कूर्चापेशींच्या गोळीच्या तोडीची निघते.

याचे स्पष्टीकरण काय? पहिली कल्पना सर्वांना सुचली तीच. चमचाभर विरजणाने पातेलेभर दुधाचे दही व्हावे, तशा थोड्या कूर्चापेशी आजूबाजूच्या मूलपेशींना कूर्चेच्या मार्गाला लावत असतील. कल्पना सुंदर होती, आणि अनेक वर्षे ती गृहीतही धरली गेली. पण केशरी रंग द्रव्य दाखवतो, ते कोणत्या पेशीने बनवले हे सांगत नाही.

नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात मार्सेल कार्पेरिन यांच्या गटाने ही गाठ सोडवली. लिंग वू आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये माणसाच्या मूलपेशी आणि गायीच्या कूर्चापेशी एका गोळीत वाढवल्या. दोन प्राण्यांची जनुके वेगळी ओळखता येतात. त्यामुळे किती पेशी कोणाच्या उरल्या, आणि कूर्चेची जनुके कोणत्या पेशींत चालू आहेत, हे मोजता आले. उत्तर अनपेक्षित होते. दिवस जातील तशी माणसाच्या पेशींची संख्या घटत गेली. गायीच्या कूर्चापेशी वाढत गेल्या, आणि कूर्चेचे द्रव्य मुख्यतः त्यांनीच बनवले होते. दोन वेगवेगळ्या माणसांच्या पेशी एकत्र ठेवून, डीएनएच्या ठशांवरून त्या वेगळ्या ओळखून पाहिले, तरी निकाल तोच आला. पुढे या गटाने दाखवले की मूलपेशी मज्जेतल्या असोत, चरबीतल्या असोत की सांध्याच्या अस्तरातल्या, परिणाम तसाच राहतो. आणि २०१३ मध्ये त्यांनी एक प्रमुख संकेतही ओळखला. मूलपेशी एफजीएफ-१ नावाचा वाढघटक सोडतात, आणि त्याने कूर्चापेशींचे विभाजन वेग घेते.

देवाणघेवाण एकतर्फी आहे असे मात्र नाही. हायडेलबर्गच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले की कूर्चापेशी एक संप्रेरकसदृश प्रथिन सोडतात आणि त्यामुळे शेजारच्या मूलपेशींचे हाडाकडे भरकटणे कमी होते. पेनसिल्व्हेनियातल्या गटाला २०११ मध्ये हायड्रोजेलमध्ये चारास एक या प्रमाणात पेशी मिसळल्यावर अधिक भक्कम आणि कमी फुगलेली ऊती मिळाली. कॅनडातल्या एडमंटनच्या संशोधकांना २०१२ मध्ये दोन्ही गोष्टी एकदम दिसल्या, कूर्चापेशींची वाढ आणि मूलपेशींचे काही प्रमाणात कूर्चेकडे वळणे. पेशी कोठून घेतल्या, कोणत्या द्रवात आणि कोणत्या जेलमध्ये ठेवल्या यावर तपशील बदलतो. पण दोघींच्या सहवासात दोघींचे वागणे बदलते, यावर या सगळ्या प्रयोगांचे एकमत आहे.

नळीतले सत्य गुडघ्यात टिकते का, याची परीक्षा उट्रेक्टच्या विद्यापीठ रुग्णालयात झाली. डॅनिएल सारिस, लुसिएन व्होंक आणि टॉमी द विंट यांनी एकाच शस्त्रक्रियेत उरकणारी पद्धत आखली. रुग्ण टेबलावर असतानाच खड्ड्याच्या कडेची कूर्चा काढायची आणि लगेच प्रयोगशाळेत न्यायची. तिच्यातल्या पेशी त्यांच्याभोवतीच्या संरक्षक वेष्टनासकट मोकळ्या करायच्या. वेष्टन तसेच ठेवले की पेशीला आपला स्वभाव टिकवणे सोपे जाते. या १० ते २० टक्के पेशींत दुसऱ्या दात्याच्या, आधीच वाढवून गोठवून ठेवलेल्या ८० ते ९० टक्के मूलपेशी मिसळायच्या आणि फायब्रिनच्या गोंदात घालून तो खड्डा त्याच दिवशी भरायचा. दोन शस्त्रक्रिया गेल्या, मधले आठवडे गेले, आणि सपाट बशीतला विसरही टळला.

या चाचणीचे निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण ३५ रुग्ण होते, दीड वर्षाच्या पाठपुराव्यात त्यांच्या वेदना कमी झाल्या आणि हालचाल सुधारली. मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यातली एक छोटी तपासणी. एका वर्षाने नव्या ऊतीचे नमुने घेऊन त्यांतला डीएनए तपासला. घालताना पाचातल्या चार किंवा त्याहून जास्त पेशी परक्या माणसाच्या होत्या. वर्षाने त्या नमुन्यांत फक्त रुग्णाचाच डीएनए सापडला. परक्या पेशी मदत करून गेल्या होत्या, घर उभारले ते रुग्णाच्या स्वतःच्या पेशींनी. ट्वेंटेच्या नळीत जे दिसले होते, ते उट्रेक्टच्या गुडघ्यांतही दिसले.

ज्यांनी या पेशींना १९९१ मध्ये नाव दिले, त्या कॅप्लान यांनी २०१७ मध्ये स्वतःच लिहिले की हे नाव आता बदलावे. या पेशी शरीरात नवी ऊती बनवत नाहीत, इतर पेशींना औषधासारखे संकेत देतात, आणि जुन्या नावामुळे रुग्णांची दिशाभूल होते, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतःची आयुष्यभराची भूमिका पुराव्यापुढे बदलणारा शास्त्रज्ञ मला फार मोठा वाटतो.

आता मर्यादा. उट्रेक्टच्या त्या चाचणीत तुलनेचा गट नव्हता. तुलना केल्याशिवाय एखादा उपचार दुसऱ्यापेक्षा चांगला ठरत नाही. दुसरे, ही सगळी पद्धत तरुण माणसाच्या गुडघ्यातल्या एखाद्या मर्यादित खड्ड्यासाठी आहे. खेळताना पडला, अपघात झाला, कूर्चेचा तुकडा निघाला, पण बाकीचा सांधा शाबूत आहे, अशा रुग्णासाठी. साठीनंतर दोन्ही गुडघे सर्व बाजूंनी झिजतात, तो संधिवात हा सांध्याच्या सगळ्या भागांचा आजार आहे. तिथे पेशींनी नवी कूर्चा घडवल्याचा भरवशाचा पुरावा आज कुणाकडेही नाही. तिथे वजन कमी करणे, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि गरज पडेल तेव्हा सांधा बदलणे, हेच आजचे खात्रीचे मार्ग आहेत.

हे मी आवर्जून सांगतो, कारण आपल्या शहरांत “स्टेम सेलने गुडघा नवा करा” अशा जाहिराती सर्रास दिसतात. भारतात रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून वापरण्याच्या एका उपचाराला २०१७ मध्ये औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण त्याच वर्षी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी मूलपेशींसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपयोग वगळता मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीबाहेर करू नये, असे ती तत्त्वे सांगतात. मज्जेतून किंवा चरबीतून काही तरी काढून सुईने गुडघ्यात सोडणे आणि वर वर्णन केलेले काम, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ज्या मूलपेशी कूर्चापेशींना मदत करतात असे पुरावे सांगतात, त्यांना मदत करायला कूर्चापेशी तिथे पुरेशा हव्यात, आणि त्या तर त्या सुईत नसतातच.

श्रोत्यांतल्या विद्यार्थ्यांना मला एक सांगायचे आहे. या विषयातले सर्वांत मोठे पाऊल महागड्या यंत्राने पडले नाही. “ही कूर्चा नेमकी कुणी बनवली?” हा साधा प्रश्न कुणीतरी विचारला आणि त्याचे उत्तर निघेल असा प्रयोग मांडला, म्हणून पडले. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, आपल्या विद्यापीठांत जैवतंत्रज्ञानाचे विभाग आहेत, आणि गुडघ्याचे रुग्ण तर आपल्याकडे अगणित आहेत. मांडी घालून बसणाऱ्या, शेतात वाकून काम करणाऱ्या माणसाच्या गुडघ्याचे प्रश्न इथल्याच तरुणांनी हाती घ्यायला हवेत.

आणि बाकी सर्वांना माझी एक विनंती. कुणी तुम्हाला गुडघ्यासाठी मूलपेशींचा उपचार सुचवला, तर तीन प्रश्न विचारा. या उपचाराला औषध महानियंत्रकांची मान्यता आहे का? नसेल, तर ही चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदणीपटावर नोंदलेली आहे का? ती यादी कुणालाही फुकट पाहता येते. आणि ही चाचणी असेल, तर माझ्याकडून पैसे का घेतले जात आहेत? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर त्या दारातून परत फिरा आणि शेजाऱ्यालाही तसेच सांगा.